जॉनीज प्रकरण : कायदे होते, पण मुलगा त्यांच्या व्याख्येत बसत नव्हता

प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्याने दोन गोष्टी एकत्र विचारल्या आहेत. ‘जॉनीज’ ही कलाकार-कंपनी काढणाऱ्या जॉनी कितागावा या बड्या निर्मात्याने किशोरवयीन मुलांवर केलेले लैंगिक अत्याचार टोकियो उच्च न्यायालयाने २००३ मध्येच खरे मानले होते, तरी २०२३ उजाडेपर्यंत जपानमध्ये कोणावरही कारवाई का झाली नाही, हा पहिला प्रश्न. त्यानंतर झालेल्या कायदेबदलांमुळे तिथल्या मनोरंजनक्षेत्रातली मुले आता सुरक्षित झाली का, हा दुसरा.

पहिल्या प्रश्नाला एक तयार उत्तर आहे आणि ते बहुतेक लेखांत सापडते : जपानी समाज लाजेपोटी गप्प बसतो, प्रसारमाध्यमे मिंधी होती आणि कितागावांपुढे कोणाचे काही चालत नव्हते. यातली दुसरी आणि तिसरी गोष्ट खरी आहे. पहिली मात्र मला आळशीपणाची वाटते, कारण या प्रकरणात सगळे गप्प बसलेले नव्हतेच. कंपनीतून बाहेर पडलेल्या मुलांनी १९८० च्या दशकापासून पुस्तके लिहिली, एका साप्ताहिकाने लेखमालिका छापली, न्यायालयात साक्षी झाल्या, संसदेच्या समितीत प्रश्न विचारला गेला. बालकांवरील लैंगिक अत्याचारांच्या खटल्यांत पीडितांच्या बाजूने काम करताना मला एक सवय लागली आहे. फाइल हाती आली की आधी पाहायचे, की हे मूल या कायद्याच्या लेखी कोण आहे : विद्यार्थी, कामगार, पाल्य की आणखी कोणी, आणि त्याच्यावर अत्याचार करणारा माणूस त्याचा कोण लागतो : शिक्षक, मालक की पालक. मूल व्याख्येत बसले तर पुढची कलमे चालतात, नाही बसले तर पुरावा कितीही भक्कम असला तरी तो ठेवायला जागाच मिळत नाही. जॉनीज कंपनीतला मुलगा जपानच्या एकाही महत्त्वाच्या कायद्याच्या व्याख्येत नीट बसत नव्हता, आणि दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही बरेचसे यावरच अवलंबून आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगते. कितागावा १९३१ मध्ये लॉस एंजेलिसला जन्मले, १९६२ मध्ये त्यांनी टोकियोत कंपनी काढली आणि केवळ मुलांचे गायन-नृत्यसंच उभे करण्याची एक पद्धतच रूढ केली. व्यवहार त्यांची बहीण मेरी पाहत असे. पदार्पणाआधीच्या उमेदवारांना ‘ज्युनियर’ म्हणत, आणि त्यांतले बरेचसे भरती होताना शाळकरी वयाचे असत. कोणाला घ्यायचे, कोणाला पुढच्या रांगेत उभे करायचे, कोणाचे पदार्पण कधी करायचे, हे सगळे कितागावा एकटे ठरवत. अनेक ज्युनियरांशी लेखी करारही नव्हता. तालमी आणि कार्यक्रम उशिरापर्यंत चालत, मुले कितागावांच्या घरी किंवा कंपनीच्या मुक्कामाच्या जागी झोपत, आणि अत्याचार प्रामुख्याने तिथेच होत. माजी महाअभियोक्ता माकोतो हायाशी, एक मनोविकारतज्ज्ञ आणि एक चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ अशा तिघांच्या पथकाने ऑगस्ट २०२३ मध्ये दिलेल्या अहवालानुसार हा प्रकार १९५० च्या दशकापासून २०१० च्या दशकाच्या मध्यापर्यंत चालू होता आणि पीडितांची संख्या किमान काही शेकड्यांत होती.

आता २००३ च्या निकालाकडे वळते, कारण त्याचा उल्लेख सगळे करतात आणि तो वाचणारे थोडे. ‘शूकान बुनशुन’ या साप्ताहिकाने ऑक्टोबर १९९९ पासून या विषयावर लेखमालिका चालवली. कंपनीने आणि कितागावांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला. मार्च २००२ मध्ये जिल्हा न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल देऊन ८८ लाख येन भरपाई मंजूर केली. अपिलात, जुलै २००३ मध्ये, उच्च न्यायालयाने ही रक्कम १२ लाख येनांवर आणली, कारण काही किरकोळ मजकूर सिद्ध झाला नसला तरी लैंगिक छळाविषयीच्या मजकुराचा महत्त्वाचा भाग खरा असल्याचे त्याला आढळले. दोन मुलांच्या साक्षी त्याने विश्वासार्ह मानल्या, आणि ती मुले खोटे बोलली असे आपण ठामपणे म्हणू शकत नाही, हे कितागावांचे न्यायालयातले स्वतःचे विधानही त्यात जमेस धरले. फेब्रुवारी २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचे अपील फेटाळले.

या निकालातला एक धागा मला फार मोलाचा वाटतो. साप्ताहिकाने लिहिले होते की, नकार दिला तर रंगमंचावरची जागा मागे जाईल किंवा पदार्पणच होणार नाही अशी मुलांची स्थिती असे, ती प्रतिकार करू शकत नसत, आणि कितागावा याच अवस्थेचा फायदा घेत. उच्च न्यायालयाने खरा मानलेला भाग तो हाच. म्हणजे मारहाण नाही, धमकी नाही, दाराला कडी नाही. केवळ भविष्य एका माणसाच्या हाती आहे ही जाणीव मुलाला जखडून ठेवायला पुरते, हे जपानच्या एका वरिष्ठ न्यायालयाने २००३ मध्ये ओळखले होते.

मग पुढे काही का झाले नाही? पहिले कारण साधे आहे. दावा दिवाणी होता, आणि त्यात एका बाजूला साप्ताहिक व दुसऱ्या बाजूला कंपनी होती. मुले केवळ साक्षीदार होती. त्यांना न्यायालय काही देऊ शकत नव्हते आणि सरकार तर त्या दालनात नव्हतेच. दुसरे कारण दंडसंहितेत होते, आणि ते अधिक गंभीर आहे. १९०७ च्या जपानी दंडसंहितेत संमतीचे वय १३ वर्षे होते. तेरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाच्या बाबतीत गुन्हा सिद्ध करायचा तर सर्वसाधारणपणे बळजबरी किंवा धमकी दाखवावी लागे. ‘प्रतिकार करण्याच्या अवस्थेत नसणे’ असे एक वेगळे कलम होते खरे, पण ते नशा, झोप किंवा अत्यंत टोकाचा दबाव अशा प्रकरणांत वापरले जाई. पदार्पण हुकण्याची भीती त्यात बसवायला कोणी धजावत नसे. बलात्काराच्या व्याख्येत पुरुष पीडित नव्हताच. मुलावर झालेला कोणताही अत्याचार ‘बळजबरीने असभ्य कृत्य’ या कमी शिक्षेच्या गुन्ह्यात जाई, आणि हा गुन्हा पीडिताने फिर्याद दिल्याशिवाय चालत नसे.

याच्या जोडीला कालमर्यादा होती. या गुन्ह्याची मुदत २००४ पर्यंत पाच आणि त्यानंतर सात वर्षे होती. १९८५ मध्ये तेरा वर्षांच्या असलेल्या मुलाची मुदत १९९० मध्ये, तो अठरा वर्षांचा असताना, संपत होती. त्या वयात तो एक तर अजून कंपनीत असे आणि त्याचे सगळे आयुष्य त्या माणसाच्या मर्जीवर असे, किंवा नुकताच बाहेर पडलेला असे आणि आपल्याबरोबर जे झाले त्याला नाव काय द्यायचे हेही त्याला उमगलेले नसे. लहानपणी अत्याचार झालेले पुरुष साधारणपणे तिशी-चाळिशीनंतर बोलू लागतात, हा या क्षेत्रात काम करणाऱ्या सगळ्यांचा अनुभव आहे. जपानचा कायदा त्यांच्याकडून विशीच्या आत फिर्यादीची अपेक्षा करत होता.

आता बालसंरक्षणाचा कायदा. एप्रिल २००० मध्ये जपानी संसदेच्या कनिष्ठ सभागृहातील युवकविषयक विशेष समितीत एका खासदाराने या प्रकरणावर थेट प्रश्न विचारला होता. त्यावरच्या सरकारी उत्तराचा रोख असा होता, की मुलाच्या संगोपनाचा अधिकार ज्याच्याकडे नाही अशा व्यक्तीचे कृत्य बालअत्याचाराच्या चौकटीत येत नाही. पुढच्याच महिन्यात संसदेने बालअत्याचार प्रतिबंधक कायदा संमत केला आणि त्यात ‘अत्याचार’ म्हणजे पालकाने किंवा मुलाचा प्रत्यक्ष सांभाळ करणाऱ्याने केलेले कृत्य, हीच व्याख्या पक्की केली. हा कायदा घरात मार खाणाऱ्या, उपाशी ठेवल्या जाणाऱ्या मुलांसाठी लिहिला गेला होता आणि त्या कामी तो उपयोगी पडला. परंतु ज्या महिन्यांत त्याचा मसुदा घडत होता त्याच महिन्यांत संसदेपुढे एक असे प्रकरण होते, ज्यात आईवडिलांनी विश्वासाने सोपवलेले मूल रात्री एका त्रयस्थाच्या छपराखाली झोपत होते. ते प्रकरण डोळ्यांपुढे असूनही व्याख्या तशीच राहिली. मला या सगळ्या इतिहासात सर्वांत अस्वस्थ करणारी तारीख ही वाटते, २०२३ ची नव्हे.

राहिला कामगार कायदा. हा भाग चर्चेत क्वचितच येतो, म्हणून यावर जरा थांबते. जपानच्या कामगार मानक कायद्यात मुलांविषयीच्या तरतुदी खरे तर कडक आहेत. पंधरा वर्षे पूर्ण झाल्यानंतरच्या ३१ मार्चपर्यंत मुलाला कामावर ठेवता येत नाही. चित्रपट आणि नाटक यांसाठी तेरा वर्षांखालच्या मुलांनाही अपवादाने मुभा आहे, पण त्यासाठी कामगार निरीक्षण कार्यालयाची परवानगी, शाळेच्या प्रमुखाचा दाखला आणि पालकाची संमती लागते. शाळेचे तास धरून दिवसाला सात आणि आठवड्याला चाळीस तासांची मर्यादा आहे. रात्री आठनंतर काम नाही. बालकलाकारांसाठी २००५ पासून ही वेळ नऊ करण्यात आली. पालकाने मुलाच्या वतीने नोकरीचा करार करायचा नाही, मुलाचा पगार पालकाने घ्यायचा नाही, आणि करार मुलाच्या अहिताचा असेल तर प्रशासन तो रद्द करू शकते. हे सगळे लागू झाले असते तर रात्रीच्या मुक्कामांकडे आणि मध्यरात्रीपर्यंतच्या तालमींकडे निदान एका सरकारी निरीक्षकाची नजर गेली असती.

पण या तरतुदी ‘कामगारा’साठी आहेत. जुलै १९८८ मध्ये कामगार मंत्रालयाने एक परिपत्रक काढले, आणि कलाकार कामगार केव्हा ठरत नाही याच्या चार कसोट्या दिल्या : त्याच्या कलेची किंवा लोकप्रियतेची जागा दुसरा घेऊ शकत नाही, मोबदला तासांवर ठरत नाही, तालीम आणि प्रक्षेपण यांच्या वेळा सोडल्या तर त्याच्या वेळेवर कोणाचे बंधन नाही, आणि करार नोकरीचा नाही. चारही लागू झाल्या तरच तो कामगार नव्हे. या परिपत्रकाला जपानी वकिलांत ‘हिकारू गेन्जी परिपत्रक’ म्हणतात, कारण त्या वेळी लोकप्रियतेच्या शिखरावर असलेल्या याच नावाच्या संचातली अल्पवयीन मुले रात्रीच्या थेट कार्यक्रमांत दिसत होती आणि त्यावरून प्रश्न उभा राहिला होता. तो संच जॉनीजचाच होता.

आता हे परिपत्रक नीट वाचले तर काय दिसते? प्रसिद्ध कलाकार एक वेळ त्यातून सुटेल. पण मागच्या रांगेत नाचणाऱ्या वीस ज्युनियरांपैकी कोणीही एक आज आला नाही तर दुसरा उभा राहतो. त्याची जागा कोणीही घेऊ शकतो, आणि कितागावा त्याला नेमकी हीच गोष्ट सतत जाणवून देत. म्हणजे पहिल्याच कसोटीवर हा मुलगा कामगार ठरायला हवा होता. तो ठरला नाही, कारण कोणी विचारलेच नाही. लेखी करार नव्हता, तो ‘शिकत’ होता, आणि सवलत सगळ्या क्षेत्राला सरसकट मिळाल्यासारखा व्यवहार चालू राहिला. कायद्याचा मजकूर वाईट नसताना त्याचा अर्थ सोयीने ताणला जाण्याचे इतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे सापडलेले नाही.

प्रसारमाध्यमांच्या मौनाविषयी हायाशी पथकाच्या अहवालात स्वतंत्र भागच आहे, त्यामुळे मी त्यावर फार लिहीत नाही. वाहिन्यांना जॉनीजचे कलाकार हवे होते, नियतकालिकांना त्यांची मुखपृष्ठे हवी होती, आणि नाराजी ओढवली तर संपूर्ण संचच मिळणार नाही ही भीती होती. ही भीती काल्पनिक नव्हती. कंपनी सोडून गेलेल्या स्मॅप संचातल्या तिघांना काम देऊ नये असा दबाव वाहिन्यांवर आणल्याच्या संशयावरून जपानच्या स्पर्धा आयोगाने जुलै २०१९ मध्ये कंपनीला समज दिली होती. तो महिना कितागावांच्या मृत्यूचाही होता, आणि बहुतेक वृत्तपत्रांत त्यांच्यावर गौरवाचेच लेख आले. कायद्याच्या दृष्टीने पाहण्यासारखी गोष्ट इतकीच, की या उद्योगाला पहिला सरकारी चिमटा बसला तो बालसंरक्षण खात्याकडून नव्हे, स्पर्धा आयोगाकडून.

मार्च २०२३ मध्ये बीबीसीने या विषयावर माहितीपट दाखवला. एप्रिलमध्ये काउआन ओकामोटो या माजी ज्युनियर गायकाने टोकियोच्या परदेशी पत्रकारांच्या क्लबात नाव आणि चेहरा उघड करून निवेदन केले, आणि तिथून पुढे घटना वेगाने घडल्या. संयुक्त राष्ट्रांचे व्यवसाय आणि मानवी हक्क विषयक कार्यगट जुलैअखेर जपानला आले. सप्टेंबरमध्ये कितागावांची भाची आणि कंपनीची अध्यक्ष ज्युली फुजिशिमा हिने अत्याचार मान्य करून पद सोडले. ऑक्टोबरमध्ये कंपनीचे नाव ‘स्माइल-अप’ झाले, तिच्याकडे केवळ भरपाईचे काम उरले आणि कलाकार पुढे ‘स्टार्टो एंटरटेनमेंट’ या नव्या कंपनीकडे गेले. एनएचके या जपानी सार्वजनिक वाहिनीच्या वर्षअखेरच्या गाण्यांच्या कार्यक्रमात त्या वर्षी ४४ वर्षांत प्रथमच जॉनीजचा एकही कलाकार नव्हता.

भरपाई हा भाग गुंतागुंतीचा आहे. आरोपी मृत असल्याने फौजदारी खटला चालणे शक्यच नव्हते, आणि बहुतेक दाव्यांची दिवाणी मुदतही उलटून गेली होती. हायाशी यांच्या पथकाने सुचवले, की मुदतीचा आधार घेऊ नये आणि काटेकोर पुराव्याचा हट्ट धरू नये. कंपनीने ते तत्त्वतः मान्य केले आणि तीन माजी न्यायाधीशांची समिती नेमली. पुढे एक हजाराहून अधिक लोकांनी अर्ज केले आणि पाचशेहून अधिक जणांना भरपाई मिळाली. कंपनीने स्वेच्छेने दिली म्हणून ती मिळाली, कायद्याने द्यावी लागली म्हणून नव्हे, हे मात्र विसरता कामा नये. रक्कम ठरवण्याचे निकष पीडितांना नीट समजत नाहीत, आणि पुढे येणाऱ्यांवर समाजमाध्यमांतून झालेला शिव्याशापांचा मारा इतका भयंकर होता की २०२३ च्या शरद ऋतूत एका पीडिताने आत्महत्या केली. डिसेंबर २०२४ मध्ये दोन माजी ज्युनियरांनी अमेरिकेतील नेवाडा राज्यात दावा लावला. कंपनीच्या सहलींत लास व्हेगासलाही आपल्यावर अत्याचार झाल्याचे त्यांचे म्हणणे आहे. मायदेशातल्या व्यवस्थेवर त्यांचा किती भरवसा आहे, हे त्यावरून दिसतेच.

आता कायदेबदल. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. जून २०२३ मध्ये संमत झालेली दंडसंहितेची दुरुस्ती जॉनीज प्रकरणामुळे आली नाही. तिच्यामागे बलात्कारपीडित स्त्रियांच्या संघटनांची अनेक वर्षांची चळवळ होती, आणि २०१९ मध्ये काही निर्दोष मुक्ततांवरून उसळलेल्या संतापाने तिला जोर आला होता. त्याआधी २०१७ मध्ये पुरुष पीडिताला कायद्यात जागा मिळाली आणि फिर्यादीची अट गेली. २०२३ च्या दुरुस्तीने संमतीचे वय १६ केले. तेरा ते पंधरा वयाच्या मुलाच्या बाबतीत आरोपी किमान पाच वर्षांनी मोठा असावा लागतो. ‘बळजबरी’च्या जागी ‘असंमती’ आली, आणि पीडिताला नकार देणे, तो व्यक्त करणे किंवा तडीस नेणे अवघड करणाऱ्या आठ परिस्थिती कलमात लिहिल्या गेल्या. त्यांतली आठवी आहे : आर्थिक किंवा सामाजिक स्थानामुळे मिळालेल्या प्रभावातून आपले नुकसान होईल अशी धास्ती. टोकियो उच्च न्यायालयाने वीस वर्षांपूर्वी रंगमंचावरच्या जागेविषयी जे ओळखले होते ते असे अखेर दंडसंहितेत आले.

कालमर्यादाही बदलली. असभ्य कृत्याच्या गुन्ह्याची मुदत सातवरून बारा वर्षे झाली, संभोगाच्या गुन्ह्याची दहावरून पंधरा, आणि पीडित अठरा वर्षांखालील असेल तर अठरा पूर्ण होईपर्यंतचा काळ त्यात मिळवला जातो. वर दिलेल्या उदाहरणातल्या तेरा वर्षांच्या मुलाला आज अनुक्रमे तीस आणि तेहतीस वर्षांचा होईपर्यंत वाव आहे. सुधारणा मोठी आहे, आणि तरीही अपुरी आहे. ज्यांनी २०२३ मध्ये तोंड उघडले त्यांतले अनेक जण चाळिशी, पन्नाशी किंवा त्याहून पुढचे होते. याच दुरुस्तीत सोळा वर्षांखालील मुलाला लैंगिक हेतूने फूस लावून भेटीची मागणी करणे हाही स्वतंत्र गुन्हा झाला, आणि चोरून लैंगिक चित्रण करण्याविरुद्ध वेगळा कायदा आला.

मुलींच्या बाबतीतले बदल वेगळ्या वाटेने झाले. बालकांच्या अश्लील चित्रणाची केवळ बाळगणूकही २०१४ च्या दुरुस्तीने गुन्हा ठरली आणि शाळकरी ‘आयडॉल’ मुलींच्या तोकड्या कपड्यांतल्या चित्रफितींच्या बाजाराला त्यामुळे आळा बसू लागला, जरी कडेकडेने चालणारा माल अजूनही निघतो. एप्रिल २०२२ मध्ये सज्ञानतेचे वय वीसवरून अठरा झाल्यावर अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलींचा, अल्पवयीन म्हणून करार रद्द करण्याचा हक्क गेला. प्रौढ चित्रफितींच्या धंद्यात त्यांना अडकवले जाईल या भीतीने संसदेने त्याच जूनमध्ये घाईने एक संरक्षक कायदा केला. ‘प्रेमसंबंध ठेवणार नाही’ अशा अटींबाबत न्यायालयांनी परस्परविरोधी निकाल दिले आहेत : २०१५ मध्ये टोकियोत सतरा वर्षांच्या मुलीला अशी अट मोडल्याबद्दल साडेसहा लाख येनांची भरपाई द्यायला लावली गेली, तर पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका प्रकरणात अशी भरपाई नाकारण्यात आली.

ज्या दुरुस्तीची माजी ज्युनियरांनी स्वतः मागणी केली होती ती मात्र झाली नाही. जून २०२३ मध्ये त्यांनी हजारो सह्यांचे निवेदन राजकीय पक्षांना दिले : बालअत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या व्याख्येत पालकाबरोबर प्रभाव असलेल्या त्रयस्थालाही आणा. विरोधी पक्षाने तसे विधेयकही मांडले. सरकारने त्याऐवजी जुलैमध्ये तातडीच्या उपाययोजनांचा एक संच जाहीर केला, ज्यात समुपदेशन, जनजागृती आणि मुलगे व पुरुष पीडितांसाठी दूरध्वनी सेवा होती. व्याख्या पालकापाशीच राहिली. त्याऐवजी जपान क्षेत्रवार ठिगळे लावत आला आहे. शिक्षकांसाठी २०२१ मध्ये कायदा झाला. पाळणाघरांतील कर्मचाऱ्यांच्या अत्याचाराची माहिती देण्याचे बंधन २०२५ मध्ये आले. जून २०२४ मध्ये संमत झालेला आणि डिसेंबर २०२६ मध्ये लागू व्हायचा असलेला कायदा, ज्याला ब्रिटनच्या अशाच तपासणी-यंत्रणेवरून ‘जपानी डीबीएस’ म्हणतात, मुलांबरोबर काम करणाऱ्यांची लैंगिक गुन्ह्यांची पूर्वपीठिका तपासायला लावतो. तुरुंगवासाची शिक्षा भोगून झाल्यापासून वीस वर्षांपर्यंतची नोंद त्यात पाहिली जाते. शाळा आणि पाळणाघरांना तो सक्तीचा आहे, तर कला किंवा ज्ञान शिकवणाऱ्या खासगी वर्गांना ऐच्छिक : त्यांनी अर्ज करून प्रमाणपत्र घ्यायचे. आणि एक बाब कोणी फारशी बोलत नाही, ती म्हणजे ही तपासणी पूर्वी शिक्षा झालेल्यालाच पकडते. कितागावांना आयुष्यात एकदाही शिक्षा झाली नव्हती. ते कोरी पाटी दाखवून तिच्यातून सहज पार झाले असते.

पोक्सोखाली, म्हणजे मुलांवरील लैंगिक गुन्ह्यांविरुद्धच्या भारतीय कायद्याखाली, काम करणाऱ्या माणसाला इथे एक फरक लगेच खटकतो. आपल्याकडे अशा गुन्ह्याची माहिती असूनही पोलिसांना न कळवणे हाच गुन्हा आहे, आणि कंपनीच्या किंवा संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्याचे कृत्य दडवले तर एक वर्षापर्यंत कैद आहे. जपानच्या बालकल्याण कायद्यातही संरक्षणाची गरज असलेले मूल दिसल्यास कळवण्याचे कर्तव्य आहे, पण ते न पाळणाऱ्याला शिक्षा नाही. मेरी कितागावांना भावाचे कृत्य माहीत होते आणि त्या ते दडवत राहिल्या, असे अहवाल म्हणतो. जपानी कायद्याखाली केवळ त्यासाठी त्यांच्यावर खटला भरता आला नसता. बालकलाकाराच्या उत्पन्नाचा किमान पाचवा हिस्सा त्याच्या नावे मुदतठेवीत ठेवण्याचा आपला २०१७ चा नियमही तिथे नाही. मुंबईच्या चित्रीकरणस्थळांवर हे नियम कितपत पाळले जातात हा वेगळा आणि फारसा अभिमानाचा नसलेला विषय आहे, म्हणून तुलना इथेच थांबवते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी एका कल्पित मुलावरून देते. समजा, आज टोकियोतल्या एखाद्या व्यवस्थापन कंपनीतला चौदा वर्षांचा उमेदवार रात्रीच्या मुक्कामात पन्नाशीच्या निर्मात्याच्या तावडीत सापडला. दंडसंहिता आता त्याच्या बाजूने आहे : वय सोळाच्या खाली आहे, अंतर पाच वर्षांहून मोठे आहे, संमतीचा प्रश्नच उद्भवत नाही, आणि फिर्यादीची अटही नाही. तो पंचविशीत बोलला तरी मुदत शिल्लक असेल. इतपत १९९९ पेक्षा आणि २०१६ पेक्षाही त्याची स्थिती निःसंशय चांगली आहे. पण तो बोलेपर्यंत काय? मुक्कामाची जागा कोणी तपासणार नाही, कारण तो कामगार मानला जात नाही आणि १९८८ चे परिपत्रक अजून जागेवर आहे. नोव्हेंबर २०२४ पासून लागू झालेल्या स्वतंत्र व्यावसायिकांच्या कायद्याने काम देणाऱ्या कंपनीवर छळाच्या तक्रारींसाठी व्यवस्था ठेवण्याचे बंधन आणले आहे, पण मोबदला न घेता ‘शिकणारा’ मुलगा त्यात व्यावसायिक ठरेल की नाही यावर वाद घालावा लागेल. त्याच्या सोबतच्या नृत्यशिक्षकाला किंवा गाडीच्या चालकाला शंका आली आणि तो गप्प राहिला, तर त्याला काही होणार नाही. बालसंरक्षणाचे काम पाहणाऱ्या सरकारी बालसल्ला केंद्राकडे कोणी फोन केलाच, तर निर्माता हा पालक नसल्याने केंद्राचे घरात शिरून तपासणी करण्याचे अधिकार त्याला लागू होतात का, हा पेच एप्रिल २००० मध्ये जिथे होता तिथेच आहे. केंद्र फार तर पोलिसांना कळवेल, किंवा मुलाच्या आईवडिलांनी दुर्लक्ष केले असे म्हणून त्यांच्याकडून सुरुवात करेल.

म्हणून तुम्ही या विषयावर प्रबंध लिहिणार असाल तर माझा सल्ला असा, की दंडसंहितेवर एक प्रकरण पुरे. बाकीचा वेळ कामगार मंत्रालयाचे ते परिपत्रक, बालअत्याचार प्रतिबंधक कायद्याचे दुसरे कलम आणि स्पर्धा आयोगाचा कलाकारांच्या करारांवरचा डिसेंबर २०२४ चा अहवाल यांवर घालवा. यांतले कलम बदलायला संसद लागेल. परिपत्रक मात्र मंत्रालय स्वतःच्या अधिकारात मागे घेऊ शकते.